चंबळच्या भरक्यांतील जमिनीवरची काळी खपली : खरवडावी की तशीच राहू द्यावी?

मोरारवासी | १२ जून

नमस्कार. मी ग्वाल्हेरला मोरार भागात राहतो. गेली दोन वर्षे आमची दहा-बारा जणांची मंडळी दर रविवारी पहाटे मुरैना जिल्ह्यात कुंवारी नदीच्या काठी जाते. तिथे आमच्यापैकी एका गृहस्थांची वडिलोपार्जित, पण बऱ्याच वर्षांपासून पिकाखाली नसलेली जमीन आहे. तिचा वरचा भाग सपाट आहे आणि उरलेला भरक्यांत उतरतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की नदीकाठची गाळाची माती पावसाच्या पाण्याने चिरत जाऊन घळींचे जे जाळे तयार होते त्याला इकडे बीहड म्हणतात, आणि त्यातल्या घळींना भरके.) या पावसाळ्यात सपाट भागावर कडुनिंब, खैर आणि करंज लावायचे असे ठरले आहे.

या सपाट भागावर, विलायती बाभळीच्या झुडपांमधल्या उघड्या जागेत, जमिनीवर सर्वत्र एक काळपट तपकिरी थर आहे. तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा जसा दिसतो तसा तो दिसतो. खडबडीत आहे, मध्ये मध्ये फुगवटे आहेत, आणि चाललो की पायाखाली अगदी हलका करकर आवाज येतो. जमीन तयार करून देणाऱ्या माणसाचे म्हणणे असे, की ही बुरशी आहे, ती जमीन ‘मारते’, म्हणून ट्रॅक्टरने वरचा थर खरवडून संपूर्ण जागा एकदा नांगरून घ्यावी. आमच्यातील बहुतेकांना ते पटले आहे, कारण जागा खरोखरच रोगट दिसते.

मला मात्र एका गोष्टीमुळे थांबावेसे वाटते. गेल्या रविवारी आमचा पाण्याचा कॅन कलंडला आणि त्या काळ्या थरावर बरेच पाणी सांडले. आम्ही चहा घेऊन परत तिथे आलो, तेव्हा ओला झालेला तेवढाच भाग हिरवा झाला होता. शेजारचा कोरडा भाग होता तसाच काळा होता. पाऊण तासात काही उगवू शकत नाही, एवढे मलाही कळते. मग हे काय आहे? त्यामुळे रोपांना अपाय होईल का? आणि ते काढून टाकले तर जमिनीचे काही नुकसान होते का? २० तारखेच्या आसपास ट्रॅक्टर येणार आहे, म्हणून जाणकारांनी कृपया लवकर लिहावे.

लष्करच्या बाई | १२ जून

मोरारवासी, पाणी सांडल्यावर काय झाले ते आपण लिहिलेत, त्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तिथे नव्याने काही उगवले नाही. जे तिथे आधीपासूनच निपचित पडले होते, ते जागे झाले. मी ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही दर पावसाळ्यात भिंग घेऊन हिंडते, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

तापवलेल्या दुधावर जशी साय धरते, तशी कोरड्या प्रदेशातील उघड्या जमिनीवर एक सजीव साय धरते. तिची जाडी काही मिलिमीटरांची असते आणि ती एका जिवाची नसून अनेक जिवांची वस्ती असते. नीलहरित शेवाळ, म्हणजे शास्त्राच्या भाषेत सायनोबॅक्टेरिया, ही तिची पहिली रहिवासी असतात. पुढे परिस्थिती मानवली तर हिरवी शैवाले, बुरशीचे तंतू, दगडफुले आणि मॉस येतात. (आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याची भावंडे जमिनीवरही राहतात, दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.) या संपूर्ण वस्तीला जैविक मृदाकवच म्हणता येईल. जमीन तयार करणाऱ्या गृहस्थांनी ‘बुरशी’ म्हटले ते सर्वस्वी चुकीचे नाही, कारण बुरशीचे तंतू त्यात असतात. पण ती जमीन मारते हे मात्र खरे नाही.

या वस्तीचे काम कसे चालते ते पाहा. जगभरच्या कोरड्या जमिनींत मायक्रोकोलियस नावाचे एक तंतुमय सायनोबॅक्टेरिया सापडते. त्याचे अनेक तंतू एकाच चिकट आवरणात, वातींच्या जुडीसारखे, एकत्र राहतात. माती ओली झाली की हे तंतू आवरणातून बाहेर सरकून उजेडाकडे येतात आणि माती सुकू लागली की पुन्हा खाली जातात. ओलाव्याच्या मागे होणारी ही ये-जा २००१ साली वाळवंटी मातीतील सायनोबॅक्टेरियांवर प्रयोग करून दाखवली गेली. आपल्याला जमीन एकदम हिरवी दिसली याचे एक कारण हेच असू शकते. प्रत्येक फेरीत तंतू आपले आवरण मागे टाकून नवे तयार करतात, आणि त्या जुन्या आवरणांना मातीचे कण चिकटून राहतात. म्हणजे तंतू मेला तरी त्याने विणलेले जाळे मातीत शिल्लक राहते, आणि पावसाचा थेंब आदळला तरी कण सहजासहजी सुटत नाही.

काळा रंग कशाचा, हेही सांगते. सायटोनेमा आणि नॉस्टॉक यांसारख्या जातींच्या आवरणात सायटोनेमिन नावाचे तपकिरी काळे रंगद्रव्य असते. ते अतिनील किरण शोषून घेते, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात त्या जिवाला छत्रीसारखे उपयोगी पडते. कोरड्या स्थितीत हे रंगद्रव्यच डोळ्यांत भरते आणि ओले झाल्यावर आतले हरितद्रव्य दिसू लागते. आपल्या किल्ल्यावर उरवाई दरवाजाकडे चढताना कातळावर पाणी ओघळण्याच्या वाटेने जे काळे पट्टे दिसतात, त्यांतही बहुतांशी याच कुळातील मंडळी असतात. रोगट दिसणे आणि रोग असणे यांत फरक आहे. काळी पडलेली ही जमीन उन्हापासून स्वतःला वाचवत असते.

आता खताची गोष्ट. नॉस्टॉक आणि सायटोनेमा यांच्या तंतूंत मध्ये मध्ये जाड भिंतीची एक वेगळी पेशी असते. हवेतील नत्र पकडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते काम या बंद पेशीत चालते. तो नत्र पुढे मातीत झिरपतो आणि शेजारच्या गवताला व रोपट्याला मिळतो. जमीन, खडक आणि झाडांच्या साली यांवरील अशा सर्व थरांचा जगभरचा हिशोब २०१२ साली मांडला गेला, तेव्हा ते मिळून वर्षाला सुमारे ४.९ कोटी टन नत्र बांधतात, म्हणजे जमिनीवर जैविक मार्गाने बांधल्या जाणाऱ्या नत्राच्या जवळजवळ निम्मा वाटा उचलतात, असा अंदाज निघाला. आपल्या देशात या विषयाची जाण नवी नाही. काशी हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी नीलहरित शेवाळांच्या साह्याने ऊसर, म्हणजे खारवट नापीक, जमीन सुधारण्याचे काम १९५० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. ऊसर आणि रेह (जमिनीवर फुलून येणारे पांढरे क्षार) म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

सांडलेल्या पाण्यासारखी आणखी एक छोटी परीक्षा करून पाहा. चाकूच्या टोकाने त्या थराचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा अलगद उचला आणि उलटा करून भिंगातून बघा. खाली केसांसारखे धागे लोंबत असतील आणि त्यांना मातीचे कण मण्यांसारखे चिकटले असतील, तर तो सजीव थर आहे. मग तो तुकडा पाण्याने भरलेल्या बशीत हलकेच सोडा. केवळ पावसाच्या माऱ्याने घट्ट झालेली साधी पपडी असेल तर काही मिनिटांत विरघळून तिचा चिखल होईल. सजीव थर असेल तर तुकडा एकसंध राहील. एवढे केल्याशिवाय ट्रॅक्टर बोलावू नका, ही विनंती.

बाजरी_सरसों | १३ जून

बाईंचे लिखाण वाचून पुष्कळ समजले, पण एक शंका मांडतो. आमची शेती भिंडकडे आहे. खरिपात बाजरी, रब्बीत सरसों (मोहरी). बाजरी पेरल्यावर लगेच जोराचा पाऊस येऊन कडक ऊन पडले, की जमिनीवर पपडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडे होऊन मरतात. माझ्या वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की पपडी दिसली की हलक्या हाताने फोडायची. तीन वर्षांपूर्वी मी एक दिवस उशीर केला आणि अर्ध्या शेतात दुबार पेरणी करावी लागली. त्यामुळे ‘पपडी तशीच ठेवा’ हे वाक्य माझ्या गळी सहज उतरत नाही. शिवाय एवढा घट्ट थर वर असेल तर पाणी जिरणार कसे? ते वाहून जाईल आणि भरका आणखी वर चढेल. आमच्या शेताचा एक कोपरा असाच गेला आहे, म्हणून विचारतो.

लष्करच्या बाई | १३ जून

आपल्या वडिलांनी शिकवले ते योग्यच आहे आणि आपण तसेच करत राहावे. आपल्या शेतातली पपडी म्हणजे पावसाच्या थेंबांनी फुटलेले मातीचे बारीक कण, जे छिद्रांत बसून सुकले. त्यात विणलेले जाळे नसते. दर हंगामात नांगर चालणाऱ्या शेतात मी म्हणते तो सजीव थर फारसा तयारच होत नाही, कारण त्याला वर्षानुवर्षे न हललेली जमीन लागते. मोरारवासींची जागा बऱ्याच वर्षांपासून पडीक आहे म्हणून तिथे तो आला. आपल्या भाषेत दोन्हींना पपडीच म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. म्हणूनच मी बशीतली परीक्षा सुचवली. पाणी जिरण्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. त्यावर बांधबंदिस्ती काकांनी लिहावे असे मला वाटते. त्यांचे आयुष्य या भरक्यांत गेले आहे.

बांधबंदिस्ती | १४ जून

बाईंनी हाक मारली म्हणून लिहितो. मी मृदसंधारणाच्या कामात नोकरी केली आणि तिचा मोठा काळ चंबळ, कुंवारी आणि आसन यांच्या काठी गेला. सजीव थराचे शास्त्र बाईंना जास्त ठाऊक आहे. मी पाण्याच्या बाजूने सांगतो.

थर असला की पाणी जिरते की वाहते, याचे एकच एक उत्तर नाही, आणि जो कोणी एकच उत्तर देतो त्याच्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. माती रेताड आहे की चिकण, थर गुळगुळीत आहे की खडबडीत, पाऊस रिमझिम आहे की झोडपणारा, उतार किती, यांवर ते ठरते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात थर असलेल्या जागेवरून पाणी थोडे घरंगळते आणि पुढच्या झुडपाच्या बुंध्याशी जाऊन मुरते. थराने ते पाणी झुडपाकडे पोहोचवले म्हणून तिथली झुडपे तगतात. थर फोडला तर पाणी सगळीकडे थोडे थोडे जिरते आणि कोणाच्याच पुरते पडत नाही.

याच्या उलट अनुभव चीनमधला आहे. पाओथौ ते लानचौ हा लोहमार्ग टेंगर वाळवंटाच्या कडेने जातो. वाळूने रूळ गाडले जाऊ नयेत म्हणून शापोथौ येथे १९५६ पासून वाळूत गव्हाच्या काडाचे एक एक मीटरचे चौकोन रोवले गेले आणि त्यांत झुडपे लावली गेली. वाळू थांबली, तिच्यावर धूळ बसली, मग शेवाळे आली, पुढे मॉस आणि दगडफुले आली. हे सगळे उत्तम झाले. पण त्या ठिकाणी वर्षाला जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि थर जसजसा जाड होत गेला तसतसा तो बराचसा पाऊस वरच्या वरच धरून ठेवू लागला. खोल मुळांच्या झुडपांना खालचे पाणी मिळेनासे होऊन ती विरळ झाली आणि उथळ मुळांची बुटकी झाडे व गवते वाढली. यात कोणाचे चुकले असे नाही, पण झाडे लावणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे. आपल्याकडे सरासरी पाऊस त्याच्या साधारण चौपट असतो आणि माती वाळूची नसून गाळाची आहे, त्यामुळे तेच इथे घडेल असे मी म्हणणार नाही.

आता भरक्याविषयी. बाजरी-सरसोंवाले दादा, आपल्या शेताचा कोपरा थरामुळे गेला नसावा. भरका वर चढतो तो त्याच्या तोंडाशी. वरच्या सपाटीवरचे पाणी एका धारेने त्या तोंडात कोसळते, खालची माती पोखरली जाते आणि वरची ढासळते. कित्येकदा जमिनीच्या आतच उंदराच्या बिळाएवढी पोकळी पडते, ती आतून वाढते आणि एके दिवशी वरचे छप्पर कोसळते. चार मिलिमीटरच्या सजीव थराने हे थांबेल अशी आशा कोणी धरू नये. त्यासाठी भरक्याच्या तोंडापासून सुरक्षित अंतरावर वरच्या सपाटीला बांध, साठलेल्या पाण्याला पक्क्या वाटेने खाली उतरवण्याची सोय, घळीच्या तळाशी अडथळे, आणि गुरांना बंदी, हेच उपाय आहेत. थराचे काम वेगळे आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडला की कण उडतो, आणि तो उडालेला कणच पुढे पाण्याबरोबर जातो. थर असेल तर तो पहिला कणच उडत नाही. म्हणजे भरक्यात शेवटी जी माती पोहोचते, तिची सुरुवात जिथे होते तिथे हा थर बसलेला असतो.

मला एक गोष्ट आजही टोचते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या देखरेखीखाली एका पट्ट्यावर वृक्षारोपणासाठी सगळी जमीन यंत्राने खरवडली गेली. कागदावर ती ‘स्वच्छ’ झाली होती. पहिल्याच आषाढात त्या जागेवर बोटाएवढ्या ओघळी पडल्या, दुसऱ्या वर्षी त्या हाताएवढ्या झाल्या, आणि रोपांची आळी गाळाने भरून गेली. शेजारी न खरवडलेली तशीच जमीन होती. तिच्यावर ओघळी नव्हत्या. तेव्हा मी तो फरक उताराच्या खात्यावर टाकला. उतार दोन्हीकडे सारखाच होता, हे मी पुढे मोजल्यावर माझ्या लक्षात आले.

मोरारवासींना माझा सल्ला असा, की नांगर अजिबात नको. जिथे रोप लावायचे तिथेच खड्डा घ्यावा, उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार रचावी, आणि ती थरावर पसरू देऊ नये.

मोरारवासी | १५ जून

बाईंचे, काकांचे आणि दादांचे मनापासून आभार. उद्या सकाळी एकटाच जाऊन परीक्षा करून येतो. मंडळींपैकी एकांनी हे सर्व वाचून विचारले आहे, की थर इतका उपयोगी असेल तर आपण रोज संध्याकाळी त्यावर थोडे थोडे पाणी शिंपडून तो वाढवू शकतो का? आणि जिथे तो तुटला आहे तिथे दुसरीकडून आणून लावता येतो का?

लष्करच्या बाई | १५ जून

भावना फार चांगली आहे, पण रोज थोडे पाणी शिंपडणे हा त्याला मारण्याचा मार्ग ठरू शकतो, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे.

हे जीव कोरडे असताना त्यांची सर्व कामे बंद असतात. तशा स्थितीत ते फार काळ टिकतात; वनस्पतिसंग्रहात शंभराहून अधिक वर्षे कोरडे ठेवलेले नॉस्टॉक पाणी मिळताच पुन्हा वाढल्याची नोंद आहे. पण जागे होण्याला खर्च येतो. ओले झाल्यावर पहिल्यांदा आतली मोडतोड दुरुस्त करायची असते, त्यासाठी साठवलेला कर्ब जाळावा लागतो, आणि त्यानंतर प्रकाशसंश्लेषणाची कमाई सुरू होते. पाणी पुरेसे असेल तर कमाई खर्चाच्या पुढे जाते. पाणी अगदी थोडे असेल आणि लगेच सुकले, तर खर्च होतो आणि कमाईची वेळ येण्याआधीच दुकान बंद होते. असे रोज घडले तर शिल्लक संपते. अमेरिकेतील युटा राज्याच्या कोरड्या पठारावर हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. सिंट्रिकिया या वाळवंटी मॉसवर उन्हाळ्यात १.२ मिलिमीटरच्या हलक्या सरी अधिक वेळा पाडल्या गेल्या, आणि एकाच हंगामात त्या मॉसचा बहुतेक भाग मेला. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते तीनदा वाचले, कारण पाणी दिल्याने वाळवंटातील वनस्पती मरावी हे मनाला पटायला वेळ लागला. आपल्या थरातील जाती वेगळ्या आहेत, पण जमाखर्चाचा नियम तोच. म्हणून शिंपडू नका. पावसाळा त्यांचा हंगाम आहे आणि तो पंधरा दिवसांवर आला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की दुसरीकडून उचलून आणण्यात एक जागा बरी करण्यासाठी दुसरी जखमी होते. चीनमध्ये सायनोबॅक्टेरिया मुद्दाम मोठ्या प्रमाणावर वाढवून वाळूवर फवारण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि ते ऐपतीचे काम आहे. आपल्यापुरते एवढे करता येईल, की रोपांचे खड्डे घेताना जो थर अटळपणे निघणार आहे तो टाकून न देता चुरून, तुटलेल्या जागेवर, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर पातळ पसरावा. जाड पसरला तर खालच्याला उजेड मिळणार नाही. उजेडाची ही गरज दुसऱ्या बाजूनेही ध्यानात ठेवा, कारण नुसती सुटी माती वर पडली तरी खालचा थर मरतो. काकांनी उकरलेली माती न पसरण्याविषयी लिहिले त्याला हेही एक कारण आहे.

आणि पायवाट. आपण दहा-बारा जण जिथे वाटेल तिथून चालता, त्याऐवजी एकच वाट ठरवा आणि तिच्या कडेने दगड मांडा. कोरडा थर ठिसूळ असतो, पावलागणिक त्याचे जाळे तुटते. सायनोबॅक्टेरियांचा पहिला थर काही वर्षांत परत येऊ शकतो, पण दगडफुले आणि मॉस यांना दशके लागतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला होता. त्या चाकोऱ्या अजूनही जमिनीवर दिसतात. शेळ्यांचे खूरही तेच करतात. इजिप्त आणि इस्रायलच्या सीमेवर, उपग्रहाच्या छायाचित्रात, एकाच वाळूच्या दोन छटा दिसतात. चराई आणि वर्दळ असलेली इजिप्तची बाजू उजळ, आणि जिथे थर टिकला ती इस्रायलची बाजू गडद.

बाजरी_सरसों | १५ जून

आमच्या शेताच्या बांधावर, जिथे नांगर पोहोचत नाही, तिथे हाच काळा थर आहे हे आज संध्याकाळी जाऊन पाहिले. दरवर्षी मी तो फावड्याने साफ करत होतो. या वर्षी करणार नाही. वैशाखात आमच्याकडे आंधी येते तेव्हा डोळे उघडता येत नाहीत. त्या धुळीशी याचा काही संबंध आहे का, एवढे सांगावे.

बांधबंदिस्ती | १६ जून

आहे, दादा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक हिशोबानुसार हे थर नसते तर हवेत जेवढी धूळ गेली असती, तिच्यातली सुमारे ६० टक्के ते जमिनीवरच धरून ठेवतात. वजनात ती वर्षाला ७० कोटी टनांच्या घरात जाते. जगाच्या जमिनीपैकी सुमारे १२ टक्के भागावर असे थर आहेत, आणि हवामानबदल व जमिनीचा वाढता वापर यांमुळे येत्या साठ-पासष्ट वर्षांत त्यांचा २५ ते ४० टक्के भाग नाहीसा होईल असे २०१८ चे अनुमान आहे. आपल्याकडची आंधी दूरच्या रेताड भागातूनही धूळ आणते, त्यामुळे तुमच्या एका बांधाने ती थांबणार नाही. पण तुमच्या बांधावरची माती तुमच्याच बांधावर राहील.

मोरारवासी | २३ जून

उशिरा लिहीत आहे, कारण ट्रॅक्टरचा निर्णय होईपर्यंत थांबायचे होते.

१६ तारखेला पहाटे गेलो. मुलाच्या शाळेच्या पेटीतले भिंग आणि घरातली एक काचेची बशी बरोबर नेली. थराचा तुकडा उलटा केला आणि बाईंनी लिहिले होते तसेच दिसले. कोळ्याच्या जाळ्यापेक्षाही बारीक धागे लोंबत होते, प्रत्येकाला मातीचे कण चिकटलेले, आणि वाऱ्याच्या झुळकीने ते सगळे एकदम हलत होते. मी किती वेळ तसाच उकिडवा बसून होतो ते सांगता येणार नाही. बशीत दोन तुकडे सोडले, एक या थराचा आणि एक गाडीवाटेवरच्या साध्या पपडीचा. साध्या पपडीचा चिखल व्हायला तीन मिनिटेही लागली नाहीत. थराचा तुकडा अर्ध्या तासानंतर मी दोन बोटांनी पाण्यातून उचलला, तेव्हा तो अख्खा बाहेर आला आणि हिरवा झाला होता. तीच बशी मी तशीच झाकून मोरारला आणली आणि संध्याकाळी मंडळींसमोर टेबलावर ठेवली.

ट्रॅक्टर येणार नाही. दोघांचे मत अजूनही वेगळे आहे. त्यांना वाटते की नांगरल्याशिवाय मुळे खोल जाणार नाहीत. म्हणून असे ठरले की वाटेलगतचा एक लहान तुकडा त्यांनी त्यांच्या पद्धतीने तयार करावा, आणि बाकी जागेत फक्त खड्डे घ्यावेत. दोन्हीकडे सारखीच रोपे लावली आहेत. वाटेच्या कडेने परवा आम्ही दगड मांडले. जमिनीच्या मालकांची आई ८० वर्षांच्या आहेत, त्यांनी पहिला दगड ठेवला आणि सांगितले की त्यांच्या सासूबाई या काळ्या जागेवर अनवाणी चालू देत नसत. का, ते त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.

काल दुपारी पहिली मोठी सर झाली. आज सकाळी आम्ही तिघे वाटेवर उभे राहून पाहत होतो. झुडपांमधली सगळी जमीन हिरवी होती. नांगरलेल्या तुकड्यावरून गढूळ पाण्याची एक धार भरक्याकडे गेल्याची खूण होती, बोटाएवढ्याच रुंदीची. काका, ती मोजून ठेवली आहे. दुसरी सर झाली की पुन्हा मोजतो. भरक्याच्या तोंडापासून बांध किती अंतरावर घ्यावा, हे ठरवण्यासाठी आपण एखाद्या रविवारी आमच्याबरोबर यावे अशी विनंती आहे. पहाटे पाच वाजता मोरारहून गाडी निघते.